भाविकांच्या सोयीसाठी

नाना दारूला शिवत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यांनी एकादशी मोडलेली कुणी पाहिलेली नाही, आणि ज्येष्ठ लागला की रजेचा अर्ज टाकून ते निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरच्या वाटेला लागतात. आमच्या तालुक्यातला वाइन महोत्सव मात्र गेली कित्येक वर्षं याच माणसाच्या टेबलावर उभा आहे.

हे टेबल नगरपरिषदेच्या पहिल्या मजल्यावर, आवक-जावकच्या शेजारी. नाना तिथले कार्यालयीन अधीक्षक. नगराध्यक्ष पाच वर्षांनी बदलतात, मुख्याधिकारी त्याच्या आतच बदलतात, खुर्चीमागचे फोटो बदलतात. नाना तिथेच असतात. त्यांचं आडनाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. प्रत्येक पालिकेत असा एक गृहस्थ असतोच. कुठे त्याला अप्पा म्हणतात, कुठे भाऊसाहेब. ज्या गोष्टीला पालिका उघडपणे ‘हो’ म्हणू शकत नाही आणि ‘नाही’ म्हणणं तिला परवडत नाही, ती गोष्ट कागदात बसवायचं काम त्याच्याकडे असतं.

आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे वाइन.

मी द्राक्षबागाईतदार. नाशिक जिल्ह्यात हे सांगताना मान ताठ ठेवायची की खाली घालायची, हे त्या वर्षीच्या अवकाळीवर ठरतं. तीन एकरांपैकी दोन एकर खायची द्राक्षं, एक एकर वाइनची. वाइनची द्राक्षं पाहुण्याला दाखवली तर त्याला वाटतं, याची बाग गेली. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पाहुणा एक मणी तोंडात टाकतो आणि दुसऱ्यासाठी हात पुढे करत नाही. पण त्याच मण्यात चोवीस ब्रिक्सपर्यंत गोडी भरते, आणि किलो-सव्वा किलोत एक बाटली निघते. आमच्या भागातल्या काही वाइनरीवाल्यांनी आणि आम्हा काही शेतकऱ्यांनी मिळून फेब्रुवारीत, तोडणीच्या दिवसांत, मळ्यातच दोन दिवसांचा महोत्सव सुरू केला. समितीत सगळ्यांचं इंग्रजी बरं होतं. मराठी अर्ज लिहिता येणारा मी एकटाच निघालो, म्हणून सचिव झालो आणि नानांच्या टेबलासमोर येऊन पडलो.

माझा पहिला अर्ज त्यांनी चष्मा कपाळावर सारून वाचला. मी लिहिलं होतं, ‘विषय : वाइन महोत्सवास आर्थिक मदत मिळणेबाबत.’

“एका ओळीत चार चुका,” नाना म्हणाले.

“शुद्धलेखनाच्या?”

“शुद्धलेखनाचं काही नाही हो. ते कुणी वाचत नाही.” त्यांनी लाल पेनाने पहिला शब्द गोल केला. “वाइन. हा शब्द सभेत वाचला की दोन नगरसेवक उभे राहतात. दुसरा, आर्थिक. हा वाचला की लेखापाल उभे राहतात. तिसरा, मदत. मदत पूरग्रस्तांना करतात. तुम्ही पूरग्रस्त आहात का?”

“नाही.”

“आणि चौथा, मिळणे. मिळणे म्हणजे कुणीतरी देतं. दिलं की ‘कुणी दिलं’ असं विचारतात. लाभणे लिहा. लाभणे म्हणजे आपोआप येतं. पाऊस लाभतो, सत्संग लाभतो.”

दहा मिनिटांनी माझ्या हातात नवी ओळ होती, ‘विषय : द्राक्ष प्रक्रिया उत्पादने व कृषी पर्यटन महोत्सवास पालिकेचे सहकार्य लाभणेबाबत.’

मग त्यांनी पार्श्वभूमी मागितली. पार्श्वभूमीशिवाय नाना कागद पुढे सरकवत नाहीत. स्मशानभूमीतल्या दिव्याचा अर्ज असला तरी त्याला पार्श्वभूमी लागते. मी लिहून नेली. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला वाइन काढली. १९९९ साली नाशिकजवळ सुला सुरू झाली. २००१ मध्ये राज्य सरकारने या उद्योगासाठी धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क उभं केलं. २००८ पासून सुलाफेस्टला मुंबई-पुण्याची गर्दी नाशिकला येऊ लागली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

नानांनी सगळं वाचलं आणि २००१ वर बोट ठेवलं. “या धोरणाचं नाव काय?”

“द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण.”

त्यांचा चेहरा उजळला. “पाहा! धोरण वाइनचं आणि नाव द्राक्ष प्रक्रियेचं. मंत्रालयात आपला कुणीतरी बसलेला आहे.”

त्या ‘आपला’मध्ये केवढा अभिमान होता! मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत नानांसारख्यांचा एक अदृश्य संप्रदाय आहे, आणि टिळ्या-माळेऐवजी तो एकमेकांना शब्दांवरून ओळखतो, हे मला त्या दिवशी कळलं.

---

आता सहकार्य म्हणजे काय, ते सांगतो. नानांनी महोत्सवाला आजवर एक रुपयाही दिलेला नाही. हे ते माळेवर हात ठेवून सांगतात आणि ते खरं आहे. महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात मळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे खड्डे बुजतात. तो बांधकाम विभागाचा ‘पावसाळ्यानंतरच्या डागडुजीचा राहिलेला भाग’. पथदिवे लागतात, तो विद्युत विभागाचा ‘प्रायोगिक तत्त्वावर’ उजेड. टँकर पाणीपुरवठ्याचा, घंटागाडी आरोग्य विभागाची, बंब अग्निशमनचा, फिरती शौचालयं स्वच्छता विभागाची. फलकांचं शुल्क ‘सामाजिक आशयाच्या’ फलकांना माफ असतं, म्हणून आमच्या प्रत्येक फलकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘पाणी वाचवा’ असतं.

बचत गटांचे स्टॉल ही त्यांची विशेष आवडीची जागा. ठेचा-भाकरी, बेदाणे, कुरडया विकणाऱ्या महिलांसाठी मंडप घालायला पालिकेकडे रीतसर तरतूद असते. तो मंडप घालताना थोडा लांबला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाखाली चार वाइनरी आल्या, तर मंडपाला कसं कळणार?

मी एकदा विचारलं, “नाना, हे कायद्यात बसतं का?”

त्यांनी कपाटातून १९६५चा नगरपरिषद अधिनियम काढला. त्याच्या कलम ४९ पाशी बेलाचं वाळलेलं पान होतं. “कामं दोन प्रकारची. अनिवार्य आणि ऐच्छिक. ऐच्छिकात बागा आहेत, वाचनालयं आहेत.”

“आमच्या द्राक्षबागा बसतील?”

“सार्वजनिक बागा म्हटलंय. त्या दोन दिवसांत तुमची असते तेवढी सार्वजनिक बाग गावात दुसरी नाही. पण मी ऐच्छिकात जातच नाही. ऐच्छिक म्हटलं की ‘इच्छा कुणाची’ असं विचारतात. पाणी, दिवाबत्ती, झाडलोट, आग विझवणं हे सगळं अनिवार्य. पाणी द्यायचं, हे कलमात आहे. कुणाच्या मळ्यात न्यायचं, ते नाही.”

एक अडचण मात्र खरी होती. मळा पालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत येतो. हद्दीचा दगड रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली आहे. नानांनी दगडाची जागा स्वतः जाऊन पाहिली. टँकर दगडाच्या अलीकडे उभा करायचा आणि नळी पलीकडे न्यायची, असं ठरलं. नळी पालिकेच्या मालकीची असली तरी पाण्याला हद्द नसते. शौचालयांवर ते दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, “नोंदवहीत त्यांचं नाव काय? फिरती शौचालयं. आता ती फिरली, तर त्यात आपला काय दोष?”

नानांचा सगळा सिद्धान्त त्यांनी मला एका वाक्यात सांगितला होता. तीच बाटली कृषी खात्यात शेतमाल असते, पर्यटन खात्यात आकर्षण, उत्पादन शुल्क खात्यात १९४९च्या दारूबंदी कायद्याखालचं मद्य, आणि आमच्याकडे ती ‘संकीर्ण’ असते.

---

तरीही सर्वसाधारण सभेत विषय यायचाच. तिथे वाइनला विरोध करणारे नगरसेवक दोन. पहिले संस्कृतीच्या बाजूने बोलतात. ही संतांची भूमी आहे, तरुण पिढी बरबाद होईल, आपण काय आदर्श ठेवणार, असं सगळं अर्धा तास. मग खाली बसून चिठ्ठी पाठवतात, ‘सौजन्य प्रवेशिका किती?’ दुसऱ्यांचा विरोध प्रामाणिक असतो. त्यांना फक्त मंडपाचं काम त्यांच्या मेहुण्याला हवं असतं.

एका वर्षी पहिल्यांनी टोकाची भूमिका घेतली. “हा ठराव झाला तर मी कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईन आणि ठराव निलंबित करून आणीन!” सभागृह गप्प. नगराध्यक्षांनी नानांकडे पाहिलं. नाना उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “साहेब, जरूर जा. पण कोणता ठराव?”

शोधाशोध झाली. महोत्सवाचा ठराव नव्हताच. खड्ड्यांचा एक होता, दिव्यांचा एक होता, टँकरच्या डिझेलचा एक होता, बचत गटांचा एक होता. प्रत्येकावर त्याच नगरसेवकांची अनुमोदक म्हणून सही होती.

त्या सभेत मुद्द्याचा प्रश्न एकीनेच विचारला. मी राहतो त्या प्रभागाच्या नगरसेविका. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, बोलताना कागद धरलेला हात थरथरत होता. “आमच्या प्रभागात पाणी दिवसाआड येतं. मळ्यात टँकर जातो, तो कुणाच्या वाटणीचा?”

नानांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘सदस्यांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली.’ मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. महोत्सवाचा सचिव म्हणून मला हायसं वाटलं. त्या प्रभागात सकाळी साडेपाचला उठून पिंप भरणारा रहिवासी म्हणून काय वाटलं, त्याचीही मी फक्त नोंद घेतली.

वाईट दिवसही आले. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं. निर्णय शेतकऱ्याच्या नावाने होता, आरडाओरडही त्याच्याच घराच्या नावाने झाली. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, वाहिन्यांवर आठवडाभर वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर माणसं एकमेकांच्या अंगावर धावली, आणि शेवटी निर्णय अंमलात आलाच नाही. त्या आठवड्यात मी नानांकडे गेलो तर आमची फाईल टेबलावर नव्हती. कपाटाच्या तळाशी, ‘मोकाट जनावरे’ या गठ्ठ्याखाली सापडली. पाठीवरच्या नावातला ‘द्राक्ष प्रक्रिया’ हा शब्दही खोडून त्यांनी वर पेन्सिलीने ‘बेदाणा’ लिहिलं होतं.

“वारं जाऊ द्या,” ते म्हणाले. “मग रबराने पुसू.”

---

नानांचं सहकार्य कधीकधी अंगावरही येतं. एका वर्षी कुणीतरी डासांची तक्रार केली. नानांनी लगेच आरोग्य विभागाकडून धूरफवारणीचं यंत्र लाभवलं. वेळ लिहिली, संध्याकाळी सहा. नेमकी तीच वाइन चाखण्याच्या मुख्य कार्यक्रमाची वेळ. पुण्याहून आलेले जाणकार पंचवीस जणांना पेला कसा फिरवायचा, नाक आत घालून फळांचा वास कसा ओळखायचा, हे समजावत होते. तेवढ्यात बांधाच्या पलीकडून यंत्र घरघरत आलं आणि मांडव पांढरा झाला. धूर निवळल्यावर पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून सांगितलं की या शिराझमध्ये त्यांना ओकच्या पिंपाची, किंचित धुरकट छटा जाणवते आहे. जाणकारांनी मान डोलावली. ती वाइन स्टीलच्या टाकीतली होती.

पण नानांचा मोठा पराक्रम म्हणजे भाविकांचं प्रकरण.

चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी जाणारे हजारो लोक आमच्या गावावरून जातात. त्यांच्यासाठी पालिका टँकर, दिवे, शौचालयं, बंब अशी सगळी तयारी करते. ही टिपणी नानांनी फार पूर्वी लिहिली आणि ती इतकी निर्दोष आहे की तिच्यावर आजवर शेरा पडलेला नाही. महोत्सवाची पहिली टिपणी लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी साहजिकच यात्रेची समोर ठेवली. टँकर तेच, दिवे तेच, शौचालयं तीच. गावाकडून गडाकडे या ऐवजी गावाकडून मळ्याकडे. संगणकावरच्या मुलाने तारीख बदलली, ठिकाण बदललं. एक शब्द बदलायचा राहिला.

‘सदर महोत्सवास येणाऱ्या भाविकांच्या सोयीसाठी फिरती शौचालये उपलब्ध करून देणे आवश्यक आहे.’

टिपणीवर आठ सह्या झाल्या. आठांपैकी एकालाही काही खटकलं नाही. पुढच्या वर्षी तीच समोर ठेवून नवी झाली, आणि अशी आमची वाइन सहा वर्षं भाविकांना मिळत राहिली. सातव्या वर्षी स्थानिक निधीचं लेखापरीक्षण आलं. तरुण लेखापरीक्षक होता, कागद वाचायचा. त्याने आक्षेप काढला, ‘भाविकांची अंदाजित संख्या, देवस्थानाचे नाव व देवस्थानाची मागणी अभिलेखात आढळून येत नाही. खुलासा करावा.’

नाना त्या दिवशी प्रथमच माझ्या घरी आले. चहा घेतला नाही.

“शब्द चुकला,” ते म्हणाले. “एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि चुकला तोही कोणता! भाविक. मी वारीला जातो हो.” त्यांना नोकरीची भीती नव्हती. खऱ्या भाविकांचा शब्द आपल्या हातून मांडवात गेला, याचं त्यांना लागलं होतं.

त्याच सुमारास माझा भाचा जर्मनीत मॅनहाइमला नोकरीला होता आणि तिथून जवळच्या बाड ड्युर्कहाइम गावातले फोटो त्याने पाठवले होते. जगातला सगळ्यात मोठा म्हणवणारा वाइन महोत्सव तिथे सप्टेंबरात भरतो, लाखो लोक येतात, आणि तो भरवते गावची पालिका. मी नानांना फोटो दाखवले. एक प्रचंड लाकडी पिंप होतं, सतरा लाख लिटरचं.

“एवढी वाइन?”

“रिकामं आहे. आत हॉटेल आहे.”

“रिकामी टाकी आमच्याकडेही आहे,” नाना म्हणाले. “पण तिच्यात हॉटेल काढायचं सुचलं नाही.” मग त्यांनी विचारलं, “त्या महोत्सवाचं नाव काय?”

“वुर्स्टमार्क्ट. म्हणजे सॉसेजचा बाजार.”

नाना खुर्चीतून पुढे सरकले. “वाइन शब्दच नाही?”

“नाही.”

“आहे! तिथेही आपला कुणीतरी आहे!”

मग मी त्यांना पुढचं सांगितलं. या बाजाराची सुरुवात १४१७ ची मानतात. गावाजवळच्या टेकडीवर संत मायकेलचं देऊळ होतं, तिथे यात्रेकरू जायचे, आणि आसपासचे शेतकरी हातगाड्यांवरून त्यांना खायला आणि वाइन विकायला यायचे. यात्रा मागे पडली, बाजार राहिला.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “म्हणजे ते मूळचे भाविकच.”

दुसऱ्या दिवशी अनुपालन गेलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. ‘अशा स्वरूपाच्या महोत्सवांची परंपरा सन १४१७ पासून देवस्थानास येणाऱ्या भाविकांच्या सोयीतून निर्माण झालेली असून, सबब टिपणीतील शब्दप्रयोग परंपरेस अनुसरून आहे.’ लेखापरीक्षकाने त्याखाली शेरा मारला, ‘सदर देवस्थान राज्याबाहेरील असल्याने आक्षेप पुढील लेखापरीक्षणापर्यंत प्रलंबित ठेवण्यात येत आहे.’ तो अजून प्रलंबित आहे.

---

या यशाने नाना खुलतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. फोटो बघायला म्हणून ते माझ्याकडे येऊ लागले. मी त्यांना पॅरिसमधल्या मोंमार्त्रचं सांगितलं. तिथे भर शहरात, टेकडीच्या उतारावर पॅरिस शहराच्या मालकीचा द्राक्षमळा आहे. १९३३ साली लावलेला. १९३४ पासून तोडणीचा उत्सव होतो. तिथल्या प्रभागाच्या पालिका इमारतीच्या तळघरात त्या द्राक्षांची वाइन व्हायची, आणि बाटल्या विकून आलेले पैसे सामाजिक कामाला जातात.

“पालिकेच्या तळघरात?” आमच्या तळघरात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी आणि वाळवी आहे. पण नाना हसले नाहीत. “विकून आलेले पैसे दाखवतात?”

“हो.”

“आणि मळ्याचा खर्च?”

“मळा शहराचाच म्हटल्यावर तो शहराच्या वहीत असणार.”

“म्हणजे लपवत नाहीत,” ते म्हणाले, आणि उठून गेले.

आठ दिवसांनी ते एक वही घेऊन आले. शाळेची, दोनशे पानी, वर गणपतीचं चित्र. आत त्यांच्या सुवाच्य अक्षरात दोन रकाने आखलेले. डावीकडे यात्रा, उजवीकडे महोत्सव. टँकरच्या किती फेऱ्या, किती लिटर डिझेल, कुठल्या विहिरीवरून भरला, कोणत्या प्रभागाची पाळी चुकली. खड्ड्यांना किती डांबर, किती मजूर. बंब किती तास उभा. महोत्सवाच्या दोन दिवसांत लॉजवाल्यांच्या किती खोल्या भरल्या, बचत गटांच्या बायकांनी किती कमावलं, तेही विचारून टिपलेलं. पहिल्या वर्षापासून, एकही साल न गाळता. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज.

पालिकेच्या वेगवेगळ्या विभागांत, सात फायलींत, कुणालाही कधीच न सापडणारा हिशेब त्या वहीत होता.

“हे का ठेवलंत?”

“मी खोटं कधी लिहिलं नाही,” नाना म्हणाले. “फक्त विखरून लिहिलं. विखुरलेलं कुणीतरी एका जागी ठेवायला हवं ना? नाहीतर वरती गेल्यावर काय सांगायचं, संकीर्ण?”

मी पानं उलटली. उजव्या रकान्यात, टँकरच्या फेऱ्यांपुढे, जवळजवळ दरवर्षी एकाच प्रभागाची पाळी चुकलेली होती. तो माझाच प्रभाग होता. नगरसेविकाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सभेत दिलं नव्हतं; त्या रात्री घरी जाऊन वहीत लिहिलं होतं.

त्याखालची लॉजची आणि बचत गटांची बेरीज पाहिली तर महोत्सवाने गावाला दिलेलं गावाने महोत्सवाला दिलेल्यापेक्षा कमी नव्हतं. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच. टँकरचे पैसे आमच्या समितीला सहज भरता आले असते. कुणी मागितले नाहीत, कारण मागायला आधी ‘टँकर महोत्सवाला दिला’ असं लिहावं लागलं असतं.

नानांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राप्रमाणे गुरुजींनी अंदाजाने लावलेली. त्यामुळे अठ्ठावन्न पूर्ण होऊन ३१ मे ला ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, चांदीचा विठोबा. महोत्सव समितीने काय द्यावं यावर आमची तीन तास बैठक झाली आणि शेवटी बेदाण्याचा पाच किलोचा खोका दिला.

त्यांच्या जागी परीक्षा देऊन आलेला तरुण आहे. हुशार आहे. त्याने मला पहिल्याच भेटीत विचारलं, “सर, महोत्सवावर पालिकेचा एकूण खर्च किती होतो?” मी म्हटलं, फाईल बघा. त्याने सातही फायली बघितल्या आणि मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. वहीचं त्याला सांगता येत नाही. नाना म्हणतात, ती अभिलेख नाही, खासगी आहे.

म्हणून या वर्षी अर्ज मी माझ्या शब्दांत लिहिला. ‘विषय : वाइन महोत्सवासाठी पालिकेने करावयाचा खर्च व समितीने पालिकेस भरावयाचे शुल्क स्वतंत्र लेखाशीर्षाखाली दाखवणेबाबत.’ सवयीने तो नानांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, लाल पेनाचं टोपण काढलं आणि ओळ दोनदा वाचली. ‘वाइन’पाशी पेन थांबलं. पुढे गेलं. काही खोडलं नाही. फक्त तळाशी एक ओळ वाढवली, ‘प्रत माहितीसाठी : मा. नगरसेविका’, आणि आमच्या प्रभागाचा क्रमांक.

अर्जाला आवक क्रमांक पडला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. गोडी छाटणी होऊन गेली आहे, आणि फेब्रुवारी जवळ आला आहे.